'प्लॅन' या शब्दाची कुळकथा

१. एक शब्द, दोन अर्थ

घर बांधावयाचे झाले म्हणजे मालक गवंड्याला विचारतो, "प्लॅन मंजूर झाला का?" सुट्टी जवळ आली म्हणजे मुले घरात विचारतात, "यंदाचा प्लॅन काय?" दोन्ही प्रश्नांत शब्द एकच आहे, परंतु पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुंडाळी उलगडून दाखविता येते, तर दुसऱ्याचे केवळ तोंडाने सांगता येते. पहिला प्लॅन म्हणजे कागदावरील रेषा, दुसरा म्हणजे मनातील बेत. एकाच शब्दात कागद आणि मन ही दोन्ही कशी सामावली, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

शब्दांच्या उत्पत्तीचा अभ्यास हा पुष्कळांना केवळ पंडितांचा विरंगुळा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. शब्दाचा अर्थ ज्या वाटेने बदलत गेला, त्याच वाटेने माणसाचा विचारही गेलेला असतो, आणि त्या वाटेवर झालेल्या चुकाही शब्दात शिल्लक राहतात. 'प्लॅन' या इंग्रजी शब्दाची कथा अशीच आहे. ती सांगताना आपण बंगळूर शहराचा आधार घेणार आहोत. कारण या शब्दाच्या वाटचालीतील जवळजवळ प्रत्येक टप्पा या एका शहरात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

२. मूळ अर्थ : सपाट भूमी

लॅटिन भाषेत 'प्लानुस' असे एक विशेषण आहे. त्याचा अर्थ सपाट, समतल. त्याच्यापासून 'प्लानुम', म्हणजे सपाट पृष्ठभाग, हे नाम झाले. फ्रेंच भाषेत त्याचे 'प्लां' झाले, आणि फ्रेंचमधून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत आला. त्या वेळी तो चित्रकार आणि स्थापत्यकार यांचा पारिभाषिक शब्द होता. सपाट पृष्ठभागावर काढलेली आकृती, एवढाच त्याचा अर्थ. 'एखादे कार्य सिद्धीस नेण्यासाठी आधी ठरविलेला क्रम' हा आज आपल्याला सहज वाटणारा अर्थ त्याला अठराव्या शतकाच्या प्रारंभी प्राप्त झाला. म्हणजे प्रथम जमीन, मग जमिनीचे चित्र, आणि शेवटी मनातील संकल्प, अशा तीन पायऱ्या हा शब्द चढला आहे.

या शब्दाची भावंडे इंग्रजीत पुष्कळ आहेत. मैदानाला 'प्लेन' म्हणतात. भूमितीतील प्रतलालाही 'प्लेन' हाच शब्द आहे, फक्त त्याचे स्पेलिंग वेगळे. समजावून सांगणे या अर्थाचे 'एक्स्प्लेन' हे क्रियापद ज्या लॅटिन शब्दापासून आले, त्याचा मूळ अर्थ 'सपाट करणे' असा आहे. अर्थाचे उंचवटे मोडून वाट सरळ केली म्हणजे विषय समजला, अशी ती कल्पना. आपण मराठीत याच जागी 'उलगडून सांगणे' म्हणतो. आपल्या डोळ्यांसमोर घडी घातलेले वस्त्र असते, त्यांच्या डोळ्यांसमोर खडबडीत जमीन होती. 'पियानो' या वाद्याच्या नावातील इटालियन शब्दही याच कुळातील होय. सपाट यावरून मृदू, मंद असा त्याचा अर्थ झाला. आपले 'पृथु' आणि 'पृथ्वी' हे शब्दही याच विस्तीर्ण कुळाचे दूरचे नातलग असावेत, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात.

३. पावलाचा ठसा

'प्लॅन' या शब्दाच्या घडणीत आणखी एका शब्दाने हातभार लावलेला दिसतो. इटालियन भाषेत 'पियान्ता' म्हणजे पायाचा तळवा, तसेच रोपटे, आणि तसेच इमारतीचा तलनकाशा. याचा ठसा फ्रेंच शब्दावर उमटला असावा असे विद्वानांचे मत आहे. पायाचा तळवा आणि इमारतीचा नकाशा यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. ओल्या मातीवर पाऊल टाकून उचलले, की मागे ठसा राहतो. त्या ठशावरून पायाची लांबी-रुंदी कळते, परंतु माणसाची उंची कळत नाही. इमारतीचा तलनकाशा हा असाच ठसा आहे. घर उचलून बाजूला ठेवले असते, तर भिंतींच्या ज्या खुणा जमिनीवर राहिल्या असत्या, त्या म्हणजे त्या घराचा प्लॅन.

ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हियस याने अशा नकाशासाठी जो ग्रीक शब्द वापरला, त्याचा शब्दशः अर्थ 'पदचिन्हाचे लेखन' असाच होतो. आपल्या वास्तुशास्त्रातही 'पदविन्यास' ही संज्ञा आहे. 'मयमत', 'मानसार' इत्यादी ग्रंथांत बांधकामाच्या भूमीचे चौरस पाडून चौसष्ट किंवा एक्याऐंशी पदांचे मंडल आखावयास सांगितले आहे. येथे 'पद' म्हणजे स्थान किंवा घर. परंतु हा शब्द पावलाचाही वाचक आहे, हे ध्यानात ठेवावे.

इमारतीचे चित्र पूर्ण होण्यास मात्र केवळ ठसा पुरत नाही. म्हणून स्थापत्यकार तीन चित्रे काढतो. वरून पाहिले असता दिसणारा तलनकाशा, हा प्लॅन. समोरून पाहिले असता दिसणारा उभा नकाशा, हा दर्शनी भाग. आणि इमारत मधोमध कापली असता आत काय दिसेल ते दाखविणारा छेद. पहिल्यात लांबी व रुंदी आहे, उंची नाही. उंची दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रांत येते. नवल असे, की मनातील बेताला नाव देताना इंग्रजीने या तिघांपैकी नेमके उंची नसलेल्या चित्राचे नाव उचलले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

४. नांगराने आखलेले शहर

कागदावर नकाशा काढण्याची रीत रूढ होण्यापूर्वी माणसे प्रत्यक्ष जमिनीवरच नकाशा काढीत. बंगळूरच्या स्थापनेची परंपरागत कथा याचे उत्तम उदाहरण आहे. यलहंक येथील नायक केंपेगौडा यांनी १५३७ साली मातीचा किल्ला बांधून हे नगर वसविले. मुहूर्ताच्या दिवशी आज ज्याला दोड्डपेटे म्हणतात त्या चौकात चार नांगर आणून सजविलेल्या बैलांना चार दिशांना हाकले, आणि त्यांच्या तासांवरून नगरातील मुख्य रस्ते ठरले, अशी कथा सांगतात. या रस्त्यांच्या आसपास व्यवसायांप्रमाणे पेठा वसल्या. अक्किपेटे तांदळाची, रागीपेटे नाचणीची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची. पेठांच्या पुण्यात वाढलेल्या वाचकाला या नावांत काहीच परके वाटणार नाही.

मराठी वाचकाला नांगराची कथाही ओळखीची वाटेल. आदिलशाही सैन्याने उद्ध्वस्त केलेल्या पुण्याच्या भूमीवर जिजाबाई आणि बाल शिवाजी यांनी सोन्याचा नांगर फिरविला, ही परंपरा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. योगायोग असा, की १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. म्हणजे नांगराच्या कथेने जोडलेली ही दोन्ही नगरे त्या काळी एकाच घराण्याच्या जहागिरीत होती. या कथांतील तपशील इतिहासाच्या कसोटीवर किती उतरतात हा प्रश्न वेगळा. नगराची आखणी म्हणजे भूमीवर ओढलेली रेषा, हा त्यांतील विचार मात्र निःसंशय जुना आहे. आजही आपला गवंडी पायाच्या खोदाईपूर्वी दोरी ताणून चुन्याची फक्की टाकतो. ती पांढरी रेषा म्हणजे 'प्लॅन' या शब्दाचा मूळ अर्थच होय.

या जुन्या रीतीचा एक गुण होता. नांगर हाकणाऱ्याच्या पायांना चढ-उतार कळत असे. रेषा खडकात गेली तर फाळ अडे. पाणथळ जागी गेली तर बैल रुते. भूमी आपले म्हणणे तेथल्या तेथे सांगत असे. रेषा कागदावर गेली, तेव्हा हे सांगणे थांबले.

५. निळा कागद

कागदावरील नकाशाच्या प्रती काढणे हे एके काळी फार कष्टाचे काम होते. प्रत्येक प्रत हाताने गिरवावी लागे, आणि गिरविताना एखादा आकडा चुकला तर भिंत चुके. ही अडचण एका ज्योतिर्विदाच्या शोधाने दूर झाली. इंग्रज शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली प्रकाशाच्या साहाय्याने निळी चित्रे काढण्याची कृती शोधली.

ती कृती अशी. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या दोन लवणांचा द्राव कागदाला अंधारात लावून तो वाळवावयाचा. पारदर्शक कापडावर किंवा कागदावर काळ्या शाईने काढलेला मूळ नकाशा त्यावर ठेवून दोन्ही उन्हात धरावयाचे. ज्या ठिकाणी ऊन पोहोचते, तेथील लोहाच्या लवणात बदल होतो आणि 'प्रशियन निळा' नावाचे पाण्यात न विरघळणारे रंगद्रव्य तयार होते. शाईच्या रेषांखाली ऊन पोहोचत नाही. तेथील लवण तसेच राहते आणि पाण्याने धुतले असता निघून जाते. परिणामी निळ्या भूमीवर पांढऱ्या रेषा उमटतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभियंत्यांच्या कचेऱ्यांनी ही कृती उचलली, आणि 'ब्ल्यू प्रिंट' हा शब्द प्रचारात आला. पुढे विसाव्या शतकात तिची जागा अमोनियाच्या वाफेने उमटणाऱ्या 'अमोनिया प्रिंट'ने घेतली, आणि आज ते कामही संगणकाकडे गेले आहे. निळा कागद नाहीसा झाला. तरी एखाद्या तपशीलवार योजनेला वृत्तपत्रे अजूनही 'ब्ल्यू प्रिंट'च म्हणतात. वस्तू जाते आणि नाव राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ब्ल्यू प्रिंट ही नकाशाची प्रत आहे. तिच्याबरहुकूम काम करावयाचे असते, तिच्यात विचार करावयास जागा नसते. प्लॅन हा शब्द त्याहून व्यापक आहे. त्यात बदलत्या परिस्थितीला वाव राहतो. ज्याला प्लॅन म्हणावयाचे त्याला ब्ल्यू प्रिंट म्हटले, की दुरुस्तीची वाटच बंद होते.

६. जागेकडून काळाकडे

आता या शब्दाच्या तिसऱ्या पायरीकडे वळू. इमारतीचा प्लॅन करता येतो, नगराचा करता येतो. मग सबंध देशाच्या उद्योगधंद्यांचा, शेतीचा आणि शिक्षणाचा का करता येऊ नये? हा प्रश्न आपल्या देशात ज्यांनी फार लवकर विचारला, त्यांत बंगळूरशी निगडित असलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे अग्रगण्य होत.

विश्वेश्वरय्या यांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध होता. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील शिक्षण संपवून ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले आणि १८८३ साली तेथील अभियांत्रिकीची परीक्षा त्यांनी उत्तम रीतीने पार केली. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून ते नाशिक येथे रुजू झाले, आणि सुमारे चोवीस वर्षे त्यांनी त्या खात्यात सेवा केली. पुण्याजवळील खडकवासला धरणावर १९०३ साली त्यांनी रचलेली स्वयंचलित दारे बसविण्यात आली. जलाशयातील पाणी ठराविक पातळीच्या वर चढले, की ही दारे आपोआप उघडत, आणि पातळी उतरली की मिटत. धरणाची भिंत न वाढविता अधिक पाणी साठविण्याची ही युक्ती होती.

याच काळात त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर 'ब्लॉक पद्धती'चा पुरस्कार केला. कालव्याचे पाणी ज्याने मागितले त्याला, जेथे मागितले तेथे द्यावयाचे, अशी जुनी रीत होती. त्यामुळे काही शिवारांत ऊस बेसुमार वाढे, जमीन चिबड होई, आणि टोकाचा शेतकरी कोरडा राही. नव्या पद्धतीत प्रत्येक गावात पाण्याखालचे गट ठरवून देण्यात आले, आणि गटातील एका भागात ऊस तर उरलेल्या भागांत कमी पाण्याची पिके, अशी पाळी लावून देण्यात आली. दरवर्षी ही पाळी फिरावयाची. या रचनेत एक नवी गोष्ट आहे. नकाशात केवळ जागा नाही, तर काळही आहे. कोणत्या शेताला पाणी, एवढेच नव्हे तर कोणत्या वर्षी पाणी, हेही त्यात आहे. नकाशाचे योजनेत रूपांतर होते ते असे.

१९०९ साली ते म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता म्हणून आले आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत तेथील दिवाण होते. १९३४ मध्ये त्यांचा 'प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया' हा ग्रंथ बंगळूरला प्रसिद्ध झाला. दहा वर्षांच्या मुदतीत देशाचे उत्पन्न दुप्पट करण्याचा क्रम त्यात मांडला होता. त्यापूर्वी १९२८ मध्ये सोव्हिएत संघाने आपली पहिली पंचवार्षिक योजना सुरू केली होती, आणि 'प्लॅन' या शब्दाला जगभर नवे वजन आले होते. भारतात १९३८ साली काँग्रेसने सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. पंडित नेहरू तिचे अध्यक्ष होते. १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला आणि १९५१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे १९६७ ते १९७१ या काळात आयोगाचे उपाध्यक्ष होते.

बंगळूरच्या आजच्या रूपात या काळाचा मोठा वाटा आहे. दूरध्वनीची यंत्रे बनविणारा कारखाना १९४८ मध्ये, यंत्रांना लागणारी यंत्रे बनविणारा हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ मध्ये, आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये या शहरात निघाला. या सार्वजनिक उद्योगांभोवती वसाहती उठल्या, तंत्रज्ञ तयार झाले, आणि शहराला नवा पाया मिळाला.

परंतु कागदावरील काळ आणि आकाशातील काळ नेहमी जुळतातच असे नाही. १९६५-६६ चा दुष्काळ आणि युद्धाचा ताण यांमुळे १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत पंचवार्षिक योजना बाजूला ठेवून वार्षिक योजनांवर काम भागवावे लागले. या काळाला 'योजनेची सुट्टी' असे नाव पडले. नियोजन आयोगाची जागा २०१५ मध्ये नीती आयोगाने घेतली, आणि बाराव्या योजनेबरोबर २०१७ साली पंचवार्षिक योजनांची मालिका संपली.

७. आपल्या भाषेतील शब्द

इंग्रजीत 'प्लॅन' या एका शब्दावर जे ओझे पडले आहे, ते मराठीत अनेक शब्दांनी वाटून घेतले आहे.

'नकाशा' हा अरबीतून आलेला शब्द. कोरणे, रेखाटणे असा त्याच्या मूळ धातूचा अर्थ. आपली 'नक्षी' ही त्याचीच बहीण. कन्नडमध्येही नकाशाला 'नक्षे' म्हणतात. 'आखणी' हा शब्द रेषेशी बांधलेला आहे. जे नीटनेटके ते 'आखीव-रेखीव'. 'मनसुबा' हाही अरबीतून आलेला; जुन्या अरबी ग्रंथांत बुद्धिबळातील कूटप्रश्नाला हेच नाव होते. प्रतिपक्षाची खेळी ध्यानात घेऊन आखलेला डाव, हा अर्थ त्यात अजून दडलेला आहे. म्हणूनच आपण शत्रूचे मनसुबे उधळतो. शत्रूची नियोजने उधळली असे कोणी म्हणत नाही.

'योजना' आणि 'नियोजन' हे शब्द संस्कृत 'युज्' धातूपासून आले. युज् म्हणजे जोडणे, जुंपणे. बैलांच्या मानेवरचे 'जू' याच कुळातील, आणि इंग्रजीतील जू या अर्थाचा 'योक' हा शब्दही त्याचाच सगोत्र. बैल एकदा जुंपले की सोडीपर्यंत जेवढे अंतर चालतात ते 'योजन', असा त्या अंतराच्या मापाचा अर्थ सांगतात. पाश्चात्त्य शब्दाने सपाट भूमी पाहिली. आपल्या शब्दाने तिच्यावरचे जुंपलेले बैल पाहिले. एकात चित्र आहे, दुसऱ्यात चाल आहे. साधने, माणसे आणि वेळ एका जुवाखाली आणणे म्हणजे योजना, असा अर्थ आपला शब्द स्वतःच सांगतो. केंपेगौडांच्या कथेत हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत: भूमीवरची रेषा आणि ती ओढणारे बैल.

'संकल्प' या शब्दाकडेही पाहावे. आपल्याकडे कोणत्याही धार्मिक कार्याच्या आरंभी संकल्प सोडतात. त्यात प्रथम देश आणि काल यांचा उच्चार असतो. आपण कोठे बसलो आहोत आणि आज कोणता दिवस आहे, हे सांगितल्यावाचून 'अमुक करीन' असे म्हणावयाचे नाही. उत्तम योजनेचा नियम याहून निराळा नाही. ज्यात स्थळ-काळाचा उच्चार नाही, ती योजना नव्हे. ते मनातले मांडे होत.

८. कागदावर न दिसणारी उंची

आता मागे राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येऊ. सपाट नकाशात उंची नसते, असे आपण पाहिले. या एका उणिवेची किंमत बंगळूर शहराला मोजावी लागली आहे.

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर, उंचवट्यांवर वसलेले आहे. तेथे मोठी नदी नाही. पावसाचे पाणी हेब्बाळ, कोरमंगल-चल्लघट्ट आणि वृषभावती या तीन खोऱ्यांतून निघून जाते. वृषभावतीचे पाणी पुढे अर्कावतीतून कावेरीला मिळते. बाकीच्या दोन खोऱ्यांचे दक्षिण पिनाकिनीला. हे वाहून जाणारे पाणी अडविण्यासाठी जुन्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तलाव बांधले. तलावाला कन्नडमध्ये 'केरे' म्हणतात. वरचा तलाव भरला की त्याचे जादा पाणी पाटाने खालच्या तलावात जाई; या मोठ्या पाटांना 'राजकालुवे' असे नाव आहे. ही रचना सर्वस्वी उंचीवर, म्हणजे हातभर उताराच्या फरकावर, अवलंबून होती.

शहर वाढू लागले. केंपेगौडांच्या घराण्याने नगराच्या सीमेवर उभारल्याचे मानले जाणारे चार बुरूज आज शहराच्या पोटात आले आहेत. १८९८ च्या प्लेगच्या सुमारास मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी ही रुंद रस्त्यांची, आखीव उपनगरे वसविण्यात आली, आणि त्या काळाच्या मानाने ते काम चांगले होते. परंतु पुढे नकाशावर पाहणाऱ्याला कोरडा तलाव हा केवळ एक मोकळा, सपाट भूखंड दिसू लागला. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज केंपेगौडा बसस्थानक आहे. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. तलाव बुजला, पाट अरुंद झाला, परंतु उतार होता तेथेच राहिला. पाणी नकाशा वाचीत नाही; ते उतार वाचते. सप्टेंबर २०२२ मध्ये मुसळधार पावसाने शहराच्या पूर्व भागातील वसाहती आणि संगणक-उद्योगांचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा हा धडा साऱ्या देशाने पाहिला. ज्याच्या घरात कमरेइतके पाणी शिरते, त्याला प्लॅनमधील उंचीचा अभाव हा शब्दार्थाचा प्रश्न राहत नाही.

ही उणीव भरून काढण्याची साधने विज्ञानाकडे आहेत. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा नकाशावर काढल्या, म्हणजे सपाट कागदावरही उतार वाचता येतो. रेषा दाट तेथे चढ तीव्र, विरळ तेथे सौम्य. आता उपग्रहांच्या साहाय्याने भूमीची उंची मोजणेही सुलभ झाले आहे. परंतु साधन असणे आणि ते वापरण्याची दृष्टी असणे या भिन्न गोष्टी आहेत.

ती दृष्टी देणाऱ्यांत स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांचे नाव घेतले पाहिजे. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये ते प्रथम भारतात आले, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आधी पाहणी, मग आखणी, हे त्यांचे सूत्र होते. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. तसेच नगर पायी हिंडून पाहिल्यावाचून त्याचा नकाशा बदलू नये, असा त्यांचा आग्रह असे. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी १९१८ साली विस्तृत अहवाल दिला. तेथे त्यांना दिवाळीपुरते एक दिवसाचे महाराज करण्यात आले, आणि ज्या रस्त्यांवरील लोकांनी आपली घरे अधिक स्वच्छ केली असतील त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल असे त्यांनी जाहीर केले, अशी आठवण सांगतात. नकाशात लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही गोष्टी आल्या तरी माणसांचे मन त्यात यावयाचे राहतेच, हे त्यांनी ओळखले होते.

९. उपसंहार

सारांश, 'प्लॅन' हा शब्द सपाट भूमीपासून निघाला, सपाट कागदावर आला, आणि तेथून माणसाच्या संकल्पात शिरला. या प्रवासात त्याने एक मोठे सामर्थ्य मिळविले: जे अजून नाही ते आधीच डोळ्यांसमोर ठेवता येऊ लागले. तहान लागल्यावर विहीर खणावयास धावणाऱ्या माणसापेक्षा, पाण्याची पाळी वर्षांच्या हिशेबाने लावून देणारा माणूस निश्चितच पुढे गेलेला आहे. परंतु सपाटपणाचा जन्मजात दोषही त्या शब्दाबरोबर आला. कागद सपाट असतो, भूमी सपाट नसते, आणि लोकजीवन तर मुळीच नसते. म्हणून प्रत्येक प्लॅन पुरा झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत: या नकाशात काय दिसत नाही? आणि ज्यांच्यासाठी तो काढला, त्यांना त्यात जुंपून घेतले आहे की नाही? पहिला प्रश्न लॅटिन शब्द शिकवितो, दुसरा आपला 'युज्' धातू.

अभ्यासासाठी

१. आपल्या शाळेच्या आवाराचा तलनकाशा काढा. आपल्या एका पावलाचे अंतर आधी मोजा, मग पावले मोजून आवाराची लांबी-रुंदी काढा. कागदावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर एक मीटर, असे प्रमाण घ्या. कागद अपुरा पडल्यास एक सेंटीमीटरला पाच मीटर धरा.

२. पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर आवारात पाणी कोठून कोठे वाहते आणि कोठे साचते, ते पाहून त्याच नकाशावर बाणांनी दाखवा. नकाशा आधी सपाट होता. आता त्यात कोणती नवी माहिती आली?

३. बेत, आखणी, आराखडा, मनसुबा, योजना, नियोजन आणि संकल्प हे शब्द प्रत्येकी एका वाक्यात योजा. कोणत्या वाक्यात शब्दांची अदलाबदल चालते आणि कोणत्यात चालत नाही, याची वर्गात चर्चा करा.

४. आपल्या गावातील एखादे तळे, ओढा किंवा पाट पूर्वी कोठे होता, हे घरातील वृद्ध मंडळींना विचारा. ती जागा आज कशी आहे, आणि पावसाळ्यात तेथे काय घडते, याचे टिपण करा.